चौथा क्रमांक मान्य आहे, फक्त कारण कळवा

सन्माननीय संयोजक आणि परीक्षक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

आपण घेतलेल्या खुल्या रोलर स्केटिंग स्पर्धेत कनिष्ठ गटाच्या जोडी नृत्याला सहा जोड्या होत्या. त्यात चौथ्या आलेल्या जोडीतल्या मुलीची मी आई. आम्ही बेळगावच्या वडगावात राहतो. घरात दोन माग आहेत, नवरा आणि दीर ते चालवतात, मी शिवणकाम करते. निकाल बदलून मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. पदकं ज्यांना मिळाली त्यांच्याकडेच राहू देत. ती मुलंही आमच्यासारखीच पहाटे साडेपाचला उठून रिंकवर येतात.

मला एवढंच हवं आहे की त्या दिवशी तिन्ही परीक्षकांनी ज्या कागदावर गुण लिहिले, तो कागद सहाही जोड्यांना दाखवावा.

निकाल सांगितल्यावर मी टेबलापाशी गेले आणि गुणांचा तक्ता बघायला मिळेल का, असं विचारलं. उत्तर आलं, "परीक्षकांचा निर्णय अंतिम." मी निर्णयाबद्दल विचारलंच नव्हतं. कागद बघायचा होता, तो तोवर बॅगेत गेला होता. माघारी आले तर मुलगी स्केट्सच्या नाड्या सोडत बसली होती. तिनं वर न बघता विचारलं, "आई, आमचं कुठं चुकलं?" तिच्या जोडीदाराची आई शेजारीच होती. तीही मुलांना शिकवणाऱ्या सरांना तेच विचारत होती, तिच्या भाषेत, "नम्म हुडुगा एन तप्प माड्यान री?" सरांना कानडी येतं, मराठी येतं, पण दोघींनाही सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. त्यांनाही तक्ता मिळाला नव्हता.

भाषेचा उल्लेख आला आहे तर तेही बोलून टाकते. त्या संध्याकाळी प्रेक्षकांत एक जण म्हणाला, मराठी मुलगी म्हणून मागं टाकली. दुसऱ्या बाजूला कुणीतरी नेमकं उलटं बोलत होतं. माझी मुलगी मराठी, तिचा जोडीदार खासबागचा कानडी मुलगा. दोघं हात धरून नाचले आणि दोघंही चौथे आले. यात भाषेचा संबंध मला कुठंच दिसला नाही, आणि मुलांच्या खेळात तो कुणी आणू नये असं मला मनापासून वाटतं. तरीही तो विषय निघतो, कारण आपला भागच तसा आहे. १९५६ पासून इथली माणसं सीमाप्रश्नाच्या निर्णयाची वाट बघत आहेत, २००४ पासून तो दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. अशा गावात कुठलाही निकाल कारणाशिवाय लागला की माणसं त्यात आपापलं कारण भरतात. त्या दिवशी तक्ता भिंतीवर लावला असता तर ही दोन्ही तोंडं तिथंच बंद झाली असती.

बेळगावात स्केटिंग म्हटलं की लोकांना स्पीड आणि लिंबो, म्हणजे आडव्या दांडीखालून वाकून सरकत जाणं, आठवतं. लिंबोत आपल्या मुलांनी विक्रम केले, त्याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. पण तिथं निकाल डोळ्याला दिसतो. दांडी पडली की पडली, रेषा आधी ओलांडली तो पहिला. आनंदवाडीच्या आखाड्यात निकाली कुस्तीलाही तसंच असतं, पाठ टेकली की भोवती बसलेल्या हजारोंना ती एकदम दिसते. नृत्यात कुणाची पाठ टेकत नाही. तिथं पाऊल स्केटच्या कुठल्या कडेवर होतं, दोघांमधलं अंतर किती राहिलं, ताल सुटला का, हे माझ्यासारखीला समोर बसूनही कळत नाही. जे कळतं ते आपल्याला, आणि म्हणून ते कागदावर आम्हाला दाखवण्याची जबाबदारीही आपली.

स्पर्धेनंतर सरांनी मोबाइलवर मला एक गोष्ट दाखवली. ती बघितल्यापासून हे पत्र लिहायचं डोक्यात आहे. बर्फावरच्या नृत्याच्या, म्हणजे आइस डान्सच्या कनिष्ठ गटाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा असतात, ज्युनियर ग्रां प्री नावाच्या. तेरा वर्षं पूर्ण झालेली मुलं त्यात उतरतात. स्पर्धा संपली की प्रत्येक जोडीचा पूर्ण तक्ता सगळ्यांसाठी खुला होतो. वडगावात बसून मी तो उघडू शकले! प्रत्येक हालचालीची एक ओळ. जोडीदाराला उचलायचं त्याला लिफ्ट म्हणतात, तिची एक ओळ, जोडीनं घेतलेली गिरकी एक ओळ, एका पायावर पुढं सरकत भराभर वळायचं ज्याला ट्विझल म्हणतात त्याची एक ओळ. त्या हालचालीचे मुळात किती गुण, तिला अवघडपणाची कुठली पातळी मिळाली, आणि मग नऊ परीक्षक असतील तर नऊ रकान्यांत प्रत्येकानं उणे पाचपासून अधिक पाचपर्यंत काय दिलं ते. खाली रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचं कौशल्य यांचे वेगळे गुण. सगळ्यात शेवटी कपात, म्हणजे किती गुण कशासाठी कापले. कुठल्या तरी देशातली चौदा वर्षांची मुलगी तो तक्ता बघून म्हणू शकते की माझं दुसरं ट्विझल कच्चं आहे, उद्यापासून त्यावर घाम गाळते.

तिथं काम वाटून दिलेलं असतं, हे मला फार पटलं. काय केलं हे ठरवणारे तांत्रिक लोक वेगळे, ते गरज पडली तर चित्रफीत हळू करून परत बघतात. किती चांगलं केलं हे सांगणारे परीक्षक वेगळे. परीक्षकांचे गुण मोजताना प्रत्येक ओळीतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा बाजूला काढतात आणि उरलेल्यांची सरासरी घेतात. एखाद्याचा हात कुणासाठी सैल सुटला किंवा कुणासाठी आखडला, तरी निकाल त्याच्या एकट्यानं हलत नाही.

आपल्याकडे परीक्षक तीन. नऊ आणा असं मी म्हणत नाही, जिल्ह्याच्या स्पर्धेला ते झेपणारं नाही. पण तिघांतला एक जण स्पर्धेतल्याच एका जोडीचा प्रशिक्षक होता. त्यांनी पक्षपात केला असा माझा आरोप नाही. मी त्यांना शिकवताना पाहिलं आहे, माणूस कष्टाळू आहे. तरी स्वतःच्या विद्यार्थ्यांना गुण देताना ते स्वतःला कितीही कठोर ठेवोत, बाकी पाच जोड्यांच्या मनात किंतु राहणारच. तिघांत एकाचं वजन तिसरा हिस्सा असतं. त्या एका जोडीपुरतं त्यांनी उठून बाजूला बसायला हवं होतं, किंवा त्यांच्या जागी कोल्हापूर, धारवाड, गोवा कुठूनही एखादा माणूस आणायला हवा होता. प्रवासखर्चाची अडचण असेल तर आम्ही पालक वर्गणी काढतो. गणपतीला काढतो, यालाही काढू.

आमच्या सरांनी याच खेळाचा जुना इतिहासही सांगितला, आणि तो आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. १९७६ ला आइस डान्स ऑलिंपिकमध्ये आला. १९८४ च्या सारायेव्होत टॉरव्हिल आणि डीन या इंग्रज जोडीला कलात्मक सादरीकरणासाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी सहापैकी सहा दिले. त्या नाचाची चित्रफीत मी पाहिली, डोळ्यांत पाणी आलं. त्यांना सहाच मिळायला हवे होते. पण त्याच पद्धतीत दहाव्या आलेल्या जोडीला नुसता पाच पूर्णांक काहीतरी आकडा मिळायचा, तो का मिळाला हे त्या आकड्यावरून कळायला मार्ग नसायचा. पुढं १९९८ ला नागानोत एका परीक्षकानं आइस डान्सचे क्रमांक स्पर्धेच्या आधीच फोनवर सांगितल्याचं ध्वनिमुद्रण दुसऱ्या परीक्षकानं बाहेर काढलं. २००२ ला सॉल्ट लेक सिटीत तर जोडी स्केटिंगच्या, म्हणजे आइस डान्सहून वेगळ्या प्रकाराच्या, निकालावर एवढं वादळ उठलं की कॅनडाच्या जोडीला दुसरं सुवर्णपदक द्यावं लागलं. त्या निकालाच्या बदल्यात आइस डान्समध्ये मतं देण्याचा सौदा झाला, असा आरोप होता.

त्यानंतर २००४ पासून सहाची पद्धत जाऊन आजची आली. पण त्या काळात एक चूकही झाली आणि ती मला आपल्या नजरेस आणायची आहे. परीक्षकांवर दबाव नको म्हणून कुठल्या परीक्षकानं कुठले गुण दिले हे झाकून ठेवायला सुरुवात झाली. हेतू चांगला होता. झालं असं की झाकलेल्या आकड्यांवर कुणाचा विश्वास बसेना, संशय उलट वाढला. अखेर २०१६ ला तो पडदा काढला, आणि आता प्रत्येक आकड्यापुढं तो देणाऱ्याचं नाव कळतं. बर्फावरच्या स्केटिंगच्या एवढ्या मोठ्या संघटनेनं गुण झाकून बघितले आणि तो नाद सोडला. आपण तो इथं पुन्हा करून बघायची गरज नाही.

चाकांवरच्या नृत्यासाठीही जागतिक संघटनेनं याच धर्तीची पद्धत आणली आहे, तिला रोलआर्ट म्हणतात. म्हणजे मी मागते आहे ते बर्फाच्या देशातलं काही अनोखं नाही, आपल्या सिमेंटच्या रिंकवरच्या खेळाचीच ती रीत आहे. आणि आपली मुलं या खेळात पुढं जाऊ शकत नाहीत असंही कुणी समजू नये. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत हैदराबादच्या अनुप कुमार यामानं दोन कांस्यपदकं आणली, एक एकट्यानं आणि एक अवनी पांचाळबरोबर जोडीनं. हैदराबादलाही कुठं बर्फ पडतो?

आता माझ्या मनातलं सांगते. हे मी अजून मुलीलाही सांगितलेलं नाही.

तिचा पोशाख मी शिवला होता. एका जुन्या शहापुरी साडीचा काठ काढून तो कमरेला पट्टी म्हणून लावला होता, लाल काठ, वर बारीक जर. आदल्या रात्री दिवे गेले म्हणून शेवटचे टाके हातानं घातले, मेणबत्तीच्या उजेडात. नाच संपायला थोडा वेळ असताना ती पट्टी एका बाजूनं सुटली, लोंबली आणि एका गिरकीत रिंकवर पडली. मुलांनी ती चुकवून पुढचे सगळे पवित्रे नीट केले. मला वाटलं, निभावलं. नंतर सरांनी आंतरराष्ट्रीय तक्त्यातली ती कपातीची ओळ दाखवली, पोशाखाचा भाग बर्फावर पडला तर एक गुण वजा. पडलं तरी एक वजा, लिफ्ट ठरल्या वेळेपेक्षा लांबली तरी एक वजा. आपल्या स्पर्धेत पट्टीचा गुण कापला की नाही, मला माहीत नाही. तिसरी जोडी आणि आमची जोडी यांच्यात किती गुणांचं अंतर होतं, तेही माहीत नाही. एका गुणाचं असेल तर माझ्या टाक्यांनी मुलांचं पदक घालवलं. दहा गुणांचं असेल तर पट्टीचा काही संबंध नाही, मुलांना पायांवर मेहनत करायला हवी. ती पट्टी मी धुऊन मशीनच्या खणात ठेवली आहे. रोज शिवायला बसताना दिसते.

मुलीच्या मनात वेगळंच आहे. तिला वाटतं, लिफ्टमध्ये ती जड झाली. बारा वर्षांची पोर रात्रीची भाकरी अर्धी ठेवते आहे. जोडीदाराला वाटतं त्याचा हात उशिरा आला. सरांना वाटतं संगीत चुकीचं निवडलं. सगळे आपापल्या अंगावर दोष ओढून घेत आहेत, आणि खरं काय ते आपल्या बॅगेतल्या त्या कागदावर आहे. त्यावर तिच्या वजनाबद्दल एक अक्षरही नसणार याची मला खात्री आहे. ते तिला तिच्या डोळ्यांनी वाचू द्या.

आमच्या घरात मागावरून साडी उतरली की व्यापाऱ्याकडे जाते. तो ती उजेडात धरतो, धागा तुटलेला असेल तर त्यावर बोट ठेवतो, मग पैसे कापतो. कापलेले पैसे बघून नवऱ्याला वाईट वाटतं, पण घरी येऊन तो मागाची ती जागा बघतो आणि पुढच्या साडीत तो दोष येत नाही. बोट न ठेवता पैसे कापणाऱ्या व्यापाऱ्याकडे वडगावात कुणी दुसऱ्यांदा माल नेत नाही.

आपलं म्हणणं मला ठाऊक आहे, काही संयोजकांनी तिथं बोलूनही दाखवलं. गुण दाखवले की पालक भांडतात. हे खरं आहे. त्या दिवशीही दोन पालक ओरडले, एकानं खुर्ची ढकलली, ते मला अजिबात आवडलं नाही. मुलांसमोर असं वागणाऱ्याला रिंकवरून बाहेर काढा, मी आपल्या बाजूनं उभी राहीन. पण ते भांडण तक्ता दाखवल्यामुळं झालं नव्हतं. तिसरी आलेली जोडी नाचात पडली होती, ते सगळ्यांनी पाहिलं, आणि तरी ती आमच्या आणि आणखी दोन जोड्यांच्या पुढं कशी, यावरून ते झालं. आता मला कळतं की ते शक्य आहे. पडण्याचा एक गुण जातो, त्या हालचालीचा दर्जाही खाली येतो, पण बाकी पवित्रे अवघड असतील आणि चांगले झाले असतील तर ती जोडी न पडलेल्या जोडीच्या वर जाऊ शकते. कदाचित तो निकाल अगदी बरोबर होता! दोन ओळी दाखवल्या असत्या तर खुर्ची जागेवर राहिली असती आणि त्या जोडीतल्या मुलीला पदक गळ्यात घालून रडत घरी जावं लागलं नसतं. कारण ऐकायला मिळालं नाही म्हणून तिलाही लोक बोलले. ती माझ्या मुलीच्याच वयाची आहे.

दुसरं म्हणणं असं की लहान मुलांचं मन दुखतं. परीक्षेचे गुण आपण मुलांना दाखवतोच, पेपर घरी पाठवतो, पालकांची सही घेतो. आणि आपल्या मराठी शाळांत तर एक फार चांगली चाल आहे. वक्तृत्व असो, एकांकिका असो, बक्षिसं वाटण्याआधी परीक्षकांचं मनोगत होतं. परीक्षक उभे राहून सांगतात, या मुलाचे उच्चार छान होते पण वेळ पाळली नाही, त्या मुलीनं विषय सोडला. मी स्वतः शाळेत असताना खानापूरला एका वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस न मिळता परतले होते. परीक्षक म्हणाले होते, "तू वाक्याचा शेवट गिळतेस." आजही चार माणसांत बोलताना ते आठवतं आणि मी शेवटचा शब्द नीट म्हणते. पुढच्या वेळी जोडी नृत्यानंतर दहा मिनिटं असं मनोगत ठेवलंत तर मराठीत बोला, कानडीत बोला, आम्ही एकमेकांना समजावून सांगू. तेवढं आम्हा दोघी आयांना इतक्या वर्षांत जमायला लागलं आहे.

या वेळचं मात्र मनोगताला उशीर झाला, म्हणून तक्ताच द्या. छापील नको, हातानं लिहिलेल्या कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो सहा घरांना पाठवला तरी पुरे. आकडे खोडलेले, दुरुस्त केलेले असतील तरी आम्ही त्यावरून आपल्याला बोलणार नाही. तीन तास सहा गट बघत बसायचं आणि प्रत्येकाला न्याय द्यायचा हे काम सोपं नाही. त्या उन्हात आपण मानधनही न घेता बसला होतात, हे आम्ही पाहिलं आहे. पुढच्या स्पर्धेच्या माहितीपत्रकात "परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील" ही ओळ राहू द्या, ती हवीच. तिच्याखाली एवढंच वाढवा, की गुणतक्ता त्याच दिवशी लावला जाईल आणि कुणी परीक्षक आपल्या विद्यार्थ्यांना गुण देणार नाही.

मुलं रोज पहाटे रिंकवर असतात. संगीत बदललेलं नाही, पवित्रेही तेच आहेत, कारण कुठं बदलायचं ते कळलेलं नाही. कागद सरांकडे दिलात तरी चालेल. नवा पोशाख बेतून ठेवला आहे. पट्टी पुन्हा लावायची की नाही, ते तक्ता बघून ठरवीन.

आपली,
चौथ्या आलेल्या जोडीतल्या मुलीची आई
वडगाव, बेळगाव